कादंबरीतल्या आपल्या माणसाला डोके आहे की नाही?

आंबेडकरी कार्यकर्त्याच्या घरात पुस्तके नसतात असे कोणी म्हणू नये. बाबासाहेबांचे खंड असतात, 'बलुतं' असते, 'उचल्या' असते. कादंबरी मात्र क्वचित दिसते. "वैचारिक वाचा, फार तर आत्मकथन वाचा, कल्पित गोष्टीत वेळ कशाला घालवायचा?" असे आमचे जुने कार्यकर्ते उघड बोलतात आणि नवे मान डोलावतात. आम्ही समीक्षक नाही. समाजशास्त्र शिकलो आणि वस्तीत काम करतो. पण या पावसाळ्यात चार कादंबऱ्या वाचून संपवल्या, आणि आमचे मत असे झाले की कादंबरीकडे पाठ फिरवून आपण एक मोठे मैदान दुसऱ्यांना मोकळे सोडले आहे. त्या मैदानात आपला माणूस कसा उभा केला जातो, हे तपासायलाही आपण जात नाही.

पहिली वाचली मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल'. बाखा नावाच्या अठरा वर्षांच्या सफाई कामगाराचा एकच दिवस तिच्यात आहे. बाजारात एका सवर्णाला त्याचा चुकून स्पर्श होतो आणि भर रस्त्यात शिव्या आणि थप्पड खावी लागते. देवळाचा पुजारी त्याच्या बहिणीवर, सोहिनीवर हात टाकतो आणि ती ओरडताच स्वतःच 'विटाळ झाला' म्हणून बोंब मारतो. हे वाचताना आमच्या मुठी वळल्या. एका सवर्ण लेखकाने १९३५ साली हे इतक्या स्पष्टपणे लिहिले, त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

पण शेवट पाहा. बाखासमोर वाटा येतात त्या तीन. एक ख्रिस्ती मिशनऱ्याची. दुसरी गांधींच्या सभेची. तिसरी एका कवीची, जो सांगतो की फ्लशचा संडास आला की मैला उचलणे संपेल आणि अस्पृश्यताही जाईल. गांधी त्या सभेत स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात बोलतात. मग मित्रांनो, ते मतदारसंघ मागितले कोणी? त्या माणसाचे नाव कादंबरीत नाही! १९२७ ला महाड झाले होते, १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, १९३२ ला पुणे करार. ज्या वर्षी पुस्तक निघाले त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. मुंबई-नाशिक लांब होते म्हणावे, तर पंजाबात मंगूराम मुगोवालिया यांची आद धर्म चळवळ १९२६ पासून उभी होती आणि १९३१ च्या जनगणनेत चार लाखांवर लोकांनी आपला धर्म 'आद धर्म' म्हणून नोंदवला होता. उत्तरेतल्या त्या छावणीच्या गावात यातले काहीच पोहोचले नसेल? बाखाच्या वस्तीत पत्रक नाही, सभा नाही, कोणी शिकवणारा नाही.

बाखाला शिकायचे आहे. एका बाबूच्या मुलाला तो एका धड्याचा एक आणा देऊ करतो. तो धडा कादंबरीत होतच नाही. आम्हाला हे पान थपडेच्या प्रसंगापेक्षा जास्त लागले. लेखकाने त्याला दुःख दिले, बळकट शरीर दिले, साहेबी कपड्यांची हौस दिली. अक्षर मात्र देता देता हात मागे घेतला. (आणि फ्लशचे म्हणाल तर फ्लश आला. मैला उचलण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. गटारात उतरणारा माणूस आजही कोणत्या जातीचा असतो, ते वेगळे सांगायला नको.)

अरुंधती रॉय यांच्या 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज'बद्दल थोडक्यात. १९९७ चे बुकर मिळालेले पुस्तक आहे, भाषा अप्रतिम आहे, आणि केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची जात तिने चव्हाट्यावर आणली हे मोठे काम आहे. वेलुथा परावन जातीचा, हुशार सुतार. त्याला पक्षही आहे, तो लाल झेंड्याच्या मोर्चात जातो. पण ज्या रात्री त्याला आसरा हवा असतो त्या रात्री पक्षाचा कॉम्रेड पिल्ले हात झटकतो आणि नंतर पोलीस वेलुथाला मरेपर्यंत मारतात. डाव्यांची जात एवढ्या नेमकेपणे फार थोड्यांनी दाखवली असेल. तरीही आमचा प्रश्न उरतोच. वेलुथाचे हात दिसतात, पाठ दिसते, हसू दिसते. तो विचार काय करतो, हे किती पानांवर आहे? 'जातिप्रथेचे विर्मूलन' या ग्रंथाला रॉय यांनी २०१४ ला लांबलचक प्रस्तावना लिहिली तेव्हा आपल्याकडे मोठा वाद झाला. त्या वादात तावातावाने बोलणाऱ्या कितीजणांनी ही कादंबरी वाचली होती, कोण जाणे.

मग 'फकिरा' पुन्हा काढली. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. शाळेत असताना वाचली होती ती लढाईसाठी. आता वाचताना दिसले की इथे मांगवाड्यातली माणसे निर्णय घेतात. दुष्काळात उपाशी मरायचे की धान्य लुटायचे, हे ती स्वतः ठरवतात. कोणा महात्म्याच्या सभेची वाट पाहत नाहीत. बाखाला जे मिळाले नाही ते फकिराला मिळाले, कारण लिहिणारा वाटेगावच्या त्याच वाड्यातला होता. तरी एक तक्रार आहे, आणि ती ऐकून काहीजण रागावतील. फकिरा जवळजवळ चुकतच नाही. शूर, दिलदार, शब्दाचा पक्का. पोवाड्याला असा नायक शोभतो, पण आपल्या शेजारी राहणारा माणूस असा नसतो.

तसा माणूस सापडला तो पी. शिवकामी यांच्या कादंबरीत. मूळ तमिळ पुस्तक १९८९ चे. पुढे त्यांनी स्वतःच इंग्रजीत आणले, 'द ग्रिप ऑफ चेंज'. लेखिका दलित, आयएएस अधिकारी होत्या, नंतर नोकरी सोडून राजकारणात उतरल्या. तंगम ही विधवा मजूर स्त्री. ज्याच्या शेतात ती राबते तो सवर्ण जमीनदार तिच्यावर जबरदस्ती करतो आणि वर त्याचेच नातेवाईक तिला मारहाण करतात. ती रात्री येते काथमुत्तूच्या दारात. काथमुत्तू दलितांचा पुढारी. पोलिसांना न घाबरणारा, कायदा जाणणारा, बोलण्यात तरबेज. असे काथमुत्तू आम्ही पाहिले आहेत आणि त्यांच्यामुळे फिर्यादी नोंदल्या गेल्या हेही पाहिले आहे. पण हाच काथमुत्तू तंगमची फिर्याद बदलतो. सवर्णांच्या गल्लीतून चालली म्हणून मारले, असे लिहायला लावतो. आणि पुढे भरपाईचे पैसे आणि तंगम, दोन्ही स्वतःच्या ताब्यात घेतो.

हे पुस्तक एका कार्यकर्त्याला वाचायला दिले तर त्याने दोन दिवसांत परत आणून दिले. म्हणाला, "असली पुस्तके विरोधकांच्या हातात कोलीत देतात. ॲट्रॉसिटीच्या केसेस खोट्या असतात असे म्हणायला ते टपलेलेच आहेत." भीती खोटी नाही. ज्या १९८९ साली ही कादंबरी आली त्याच साली संसदेने ॲट्रॉसिटीचा कायदा केला, आणि तेव्हापासून त्याच्यामागे लागलेले लोक आजही थकलेले नाहीत. पण नीट वाचा. तंगमवरचा अत्याचार खोटा नाही. काथमुत्तू लपवतो तो अत्याचाराचा लैंगिक भाग, कारण त्याला तो बाईच्या अब्रूचा मामला वाटतो आणि जातीचा वाटत नाही. जमीनदाराला मात्र जात आणि बाई यांचा संबंध पक्का माहीत असतो. ठाण्याच्या बाकावर बायकांबरोबर तासन्‌तास बसलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. "तेवढे लिहू नका ताई, समाजात नाव खराब होईल," हे वाक्य आम्ही ठाणे अंमलदाराच्या तोंडून ऐकले आहे आणि आपल्या माणसांच्या तोंडूनही ऐकले आहे.

काथमुत्तूची मुलगी गौरी हे सगळे घरात बसून पाहते, वडिलांशी भांडते, लग्न नाकारते आणि कॉलेजात जाते. बाखाचा राहिलेला धडा तिने घेतला असे आम्हाला वाटले. शिवकामी पुढे आणखी एक गोष्ट करतात. त्यांनी या कादंबरीला नंतर दुसरा भाग जोडला आणि त्यात आपल्याच पहिल्या पुस्तकाची उलटतपासणी केली, की मी त्या पुढाऱ्याला न्याय दिला का, माझी नजर कुठे तिरकी झाली? पुढारी चुकतो, लेखिकाही चुकू शकते, आणि दोघांचीही चौकशी घरातल्या घरात, आपल्याच भाषेत होते. बाहेरून कणव घेऊन आलेल्या लेखकाला हे जमत नाही. त्याला आपला माणूस निष्पापच लागतो, नाहीतर त्याची कणव आटते.

आमच्या विहारातल्या वाचनगटात इंग्रजी सगळ्यांना जमत नाही. म्हणून दर रविवारी एक प्रकरण मराठीतून तोंडी सांगायचे ठरले आहे. पहिल्या रविवारी तंगमची फिर्याद. ती सांगायची जबाबदारी गटातल्या एका ताईंनी घेतली आहे आणि त्यांची अट अशी की त्या दिवशी पुरुष कार्यकर्त्यांनी फक्त ऐकायचे, मध्ये बोलायचे नाही. दोघांची कुरकुर आतापासूनच सुरू झाली आहे.