सालाला नको, बाटलीला गुण द्या

२००३ची बोर्डो म्हटलं की जाणकारांचा निकाल ठरलेला असतो: उन्हात भाजलेलं साल, मनुकांचा पाक, कधीच संपलेली वाइन. हा निकाल बूच निघण्याआधीच लागतो, ही माझी तक्रार आहे.

त्या ऑगस्टमध्ये युरोपात उष्णतेची भीषण लाट आली, हे खरं. उष्णतेनं द्राक्षातलं मॅलिक आम्ल कमी होतं, साखर वाढते आणि पर्यायानं अल्कोहोलही. पाणी तुटलं की वेल काम थांबवते आणि बियांतलं टॅनिन कच्चं राहतं. पण पाणी सगळीकडे सारखंच तुटलं का? सेंट-एस्टेफच्या चिकणमातीनं ओल धरून ठेवली आणि उशिरा पिकणारं काबर्ने सोव्हिन्यों तगलं. शातो मोंत्रोझनं त्याच साली नाव कमावलं. उजव्या काठावर मात्र लवकर पिकणारं मर्लो अनेक मळ्यांत होरपळलं. मग सगळ्यांना एकच शेरा कसा?

गुणांची गंमत तर त्याहून मोठी. शातो पाव्हीची २००३ची वाइन रॉबर्ट पार्कर यांनी डोक्यावर घेतली, जॅन्सिस रॉबिन्सन यांनी तिला २० पैकी १२ गुण दिले. २००४च्या वसंतात झालेलं हे भांडण लोक अजून चघळतात. पण दोघांनी चाखली होती ती पिंपातली, जेमतेम सहा महिन्यांची वाइन! लोणचं घातल्या दिवशी चाखून ते मुरल्यावर कसं लागेल याची पैज लावावी, आणि वीस वर्षांनी बरणी न उघडताच पैजेचा निकाल वाचून दाखवावा, असा हा प्रकार आहे.

बाटली समोर असेल तर ती पारखा. कडेचा विटकरी रंग वयाचा असतो, त्याला उन्हाचा दोष देऊ नका. मनुका, सुकं अंजीर असा वास आला तरी थांबा. मागून देवदार, तंबाखू येतात का ते बघा. घोट गिळल्यावर घसा जळतो का? तुरटपणा मऊ झालाय की द्राक्षाची बी चावल्यासारखा कोरडा आहे? आणि मुख्य म्हणजे, तोंडाला पाणी सुटतं का? सुटलं तर वाइन जिवंत आहे. शिळ्या अक्रोडाचा वास आला तर आधी बूच आणि साठवण तपासा, साल नंतर.

१९४७ही असंच तापलेलं साल होतं. त्या सालच्या शव्हाल ब्लाँमध्ये साखर उरली होती, व्हिनेगरकडे झुकणारी आम्लताही होती. पुस्तकी पट्टीनं ती नापासच. तरी ती विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या बाटल्यांत गणली जाते.

बोर्डोत आता उन्हाळे तापतच राहणार. म्हणूनच तर २०२१मध्ये तिथे पोर्तुगालच्या तुरिगा नासियोनालसारख्या वाणांना परवानगी मिळाली. गरम साल हा अपवाद उरलेला नाही. जुन्या, थंड सालांची चव हीच एकमेव पट्टी मानणाऱ्यांना यापुढे चाखण्यासारखं फार थोडं उरेल. आणि पिकलेपणालाच गुण मानून टाळ्या वाजवणारेही तितकेच आळशी. दोघांनीही कोष्टक मिटावं आणि पेला उचलावा.