हिंदुकुशातला पॉमेल हॉर्स

सिनेमा पडला की निर्माते खिशाकडे बोट दाखवतात. १९८५ साली एमजीएमने आणलेल्या ‘जिमकाटा’ला ही सबब चालत नाही. दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउस आणि निर्माते फ्रेड वाइनट्रॉब हे दोघेही बारा वर्षांपूर्वी ब्रूस लीच्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये होते, आणि तो सिनेमाही काही पैशांच्या राशीवर उभा नव्हता. साडेआठ लाख डॉलरच्या आसपास त्याचे काम भागले होते. गोष्टीचा सांगाडाही दोन्हीकडे एकच: हेरखाते एका लढवय्याला आडजागी धाडते, तिथे स्पर्धेच्या नावाखाली माणसे मारली जातात, आपला गडी पुरून उरतो. ‘जिमकाटा’त यातून ब्रूस ली तेवढा वजा केला आहे.

त्याच्या जागी आला कर्ट थॉमस. हा गडी खरोखर थोर. १९७८ साली स्ट्रासबर्गला जागतिक स्पर्धेत सुवर्ण मिळवणारा तो पहिला अमेरिकन पुरुष जिम्नॅस्ट. पॉमेल हॉर्सवरचा, म्हणजे मुठी बसवलेल्या आडव्या साधनावरचा, पाय फाकून गरगर फिरण्याचा प्रकार त्याच्याच नावाने ओळखला जातो. सिनेमात तो हातांवर जिने चढतो, कोलांट्या घेतो आणि जिम्नॅस्टिक्स अधिक कराटे बरोबर ‘जिमकाटा’ असे समीकरण मांडतो. कामगिरी अशी की पर्मिस्तान नावाच्या चिमुकल्या देशात जीवघेणी शर्यत जिंकायची. जिंकणाऱ्याला जीवदान आणि एक मागणी. थॉमसने मागायचे काय, तर अमेरिकेच्या ‘स्टार वॉर्स’ या क्षेपणास्त्र-संरक्षण योजनेसाठी केंद्र उभारायला जागा. नऊशे वर्षांत परका माणूस ही शर्यत जिंकलेला नाही. वाटेवर पहाऱ्याला निंजा आहेत. ते जपानहून इथे कसे पोचले, हे विचारायचे नाही.

खरी पंचाईत लढायांची. जिम्नॅस्टला त्याची साधने लागतात, म्हणून सिनेमाने सगळा देशच त्याच्या सोयीने मांडला आहे. गल्लीत पाठलाग सुरू झाला की अगदी नेमक्या उंचीवर आडवा दांडा. वेड्यांच्या गावात जमावाने घेरले की ऐन चौकात मुठींसह तयार दगडी पॉमेल हॉर्स. थॉमस त्यावर चढतो, गरगर फिरतो आणि गावकरी शिस्तीने पुढे येऊन एकेक लाथ खातात. दोन पावले मागे सरायचे कुणालाच सुचत नाही, कदाचित म्हणूनच त्यांना वेडे म्हटले असावे. उद्या आपल्याकडे कुणी मल्लखांबपटूला हेर करायचे ठरवले, तर शत्रूच्या मुलखात गावोगावी एरंडेल चोपडलेले खांब आधी पुरून ठेवावे लागतील. ब्रूस लीला ठोसा मारायला रिकामी खोलीही पुरत असे. हा फरक पैशांचा नव्हे.

तरीही आम्हाला खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हे पर्मिस्तान सिनेमावाल्यांनी हिंदुकुशात बसवले आहे (चित्रीकरण युगोस्लाव्हियात). डिसेंबर १९७९मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात, म्हणजे त्याच हिंदुकुशाच्या कुशीत, शिरल्या. त्याच्या निषेधार्थ अमेरिकेच्या कार्टर सरकारने पुढच्या वर्षीच्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. ऑलिंपिकच्या आदल्याच वर्षी जागतिक स्पर्धेत सहा पदके मिळवलेला थॉमस चोविसाव्या वर्षी, ऐन भरात, घरी बसला. भारत मात्र मॉस्कोला गेला आणि हॉकीचे सुवर्ण घेऊन आला. पुढे थॉमस व्यावसायिक झाला, त्यामुळे १९८४चे लॉस एंजेलिसचे दारही बंद. तिथे अमेरिकेच्या पुरुष संघाने सुवर्ण पटकावले, त्याच्याशिवाय. ज्या डोंगरांपायी सरकारने त्याला खऱ्या स्पर्धेला जाऊ दिले नाही, त्याच डोंगरांत तेच सरकार त्याला पडद्यावर खोट्या स्पर्धेला धाडते आणि वर देशभक्तीही शिकवते. पटकथेत हे कुणाच्या ध्यानीमनी नाही. असते, तर एक बोचरा सिनेमा झाला असता, आणि त्याला पॉमेल हॉर्सचा खर्चही आला नसता.

थॉमसला ऑलिंपिक पदकाऐवजी गोल्डन रॅस्पबेरीचे ‘सर्वांत वाईट नवा चेहरा’ हे नामांकन तेवढे लाभले, आणि तो पुरस्कारही शेवटी ब्रिजिट नील्सनने पटकावला. सिनेमाला मात्र पुढे खदखदून हसण्यासाठी पाहणाऱ्यांचा स्वतंत्र भक्तसंप्रदाय मिळाला.

सिनेमाचा शेवट गंभीर आहे. पडद्यावर अक्षरे उमटतात: स्टार वॉर्स योजनेचे पहिले पूर्वसूचना केंद्र १९८५मध्ये पर्मिस्तानात बसवले गेले. म्हणजे नकाशावर नसलेल्या देशात, तेव्हा बव्हंशी कागदावरच असलेल्या यंत्रणेचे केंद्र. रेगन सरकारने याचा इन्कार केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.