आरती थांबवली तरी चालते

मायबापहो,

9 एप्रिल 2023, रविवार. अकोला जिल्ह्यात बाळापूरजवळच्या पारसला बाबूजी महाराज संस्थानात माणसे आरतीला जमली होती. वादळ उठले, पाऊस आला, तशी सगळी टिनाच्या शेडखाली आली. शेजारचा जुना, भलामोठा कडुलिंब त्याच शेडवर कोसळला. सात जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले.

त्यानंतर दोन बोलणी कानांवर येत राहिली. एक, देवाच्या दारात मरण आले, पुण्यवान होते. दुसरे, मग तेव्हा तुमचा देव कुठे गेला होता? मला दोन्ही टोचली. ज्या घरातले माणूस गेले त्या घरच्या ओट्यावर बसून पुण्याचा हिशेब मांडू नये. आणि ज्या विश्वासाच्या आधाराने ते घर उद्या उठणार आहे, तो तेरवीच्या आत खणून काढायचा हक्कही कोणाला नाही.

आपण गाडगेबाबांच्या मुलखातले. शेंडगाव आपले, दापुरी आपली, वलगावला पेढी नदीजवळ त्यांनी देह ठेवला. कोकणात खारेपाटणला कीर्तन रंगले असताना एकुलत्या एक मुलाच्या मृत्यूची बातमी आली, तरी बाबांनी कीर्तन सोडले नाही, हे आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. ऋणमोचनचे मात्र सांगत नाही. पूर्णेच्या काठी यात्रेकरूंचे पाय चिखलात घसरत, म्हणून बाबांनी तिथे घाट उभा केला. नदीला नुसते हात जोडून ते थांबले नाहीत. माझ्या मते बाबांची श्रद्धा खारेपाटणाइतकीच ऋणमोचनलाही दिसते, आणि आज आपल्याला तीच जास्त लागणार आहे.

वरूडकडच्या जाणत्यांना 30 जुलै 1991 आठवत असेल. वर्धा नदीने पलीकडचे मोवाड धुऊन नेले, दोनशेहून अधिक माणसे गेली. गाव नव्या जागी वसवावे लागले. नदीकाठ सोडला म्हणून मोवाडकरांना कोणी नास्तिक म्हटले नाही. 2021 च्या जुलैत मोर्णेचे पाणी अकोल्यातल्या घरांत शिरले, तेही फार जुने नाही.

तेव्हा अमरावती-अकोल्यातल्या देवस्थानांचे विश्वस्त, भजनी मंडळे, गुरुदेव सेवा मंडळांचे भाऊ आणि मायबहिणी, तुम्हा सगळ्यांना हात जोडून विनंती. चैत्र-वैशाखातली अवकाळी येण्याआधी आपल्या पारावरचे झाड एकदा नीट बघा. तोडा म्हणत नाही. झाडाला देव मानणारीच माणसे आहोत आपण. पण खोडात ढोली पडली आहे का, झुकलेल्या वाळक्या फांद्या किती, हे जाणत्याला दाखवून ग्रामपंचायतीमार्फत छाटणी करून घ्या. पाराला बुंध्यापर्यंत सिमेंट लिंपू नका. मुळांना माती आणि पाणी लागते. (शोभेच्या नादात आपणच झाडाचा गळा आवळतो.) मोठ्या झाडाखाली शेड असेल तर ते हलवा. देणगीदाराची पाटी नव्या जागीही लागते.

देवळाचा भोंगा फक्त भजनाला नको, वाऱ्यापावसाचा इशारा आला की तोही त्यावरून सांगा. जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 हा क्रमांक सभामंडपाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा.

दानपेटीतला काही वाटा गावातल्या आपद्ग्रस्त घरांतल्या लेकरांच्या शाळेसाठी वेगळा काढा. त्या घरचे कोणी बरेच दिवस देवळात दिसले नाही तर कारण विचारू नका. भाजी-भाकर घेऊन जा, जवळ बसा. मन झाले की ते आपणहून टाळ हाती घेतील.

आणि आरतीच्या वेळी वारा सुटला, तर आरती तिथेच थांबवा. लेकराबाळांना आणि म्हाताऱ्यांना आधी शाळेच्या पक्क्या खोलीत न्या. निरांजन तिथेही लावता येते.

आपला,
एक भजनकरी