'बदलून बघू' म्हणजे दुरुस्ती नव्हे, तुमच्या खिशावर केलेला प्रयोग

स्पष्टच लिहितो. काही गॅरेजवाल्या मित्रांना झोंबेल. झोंबू द्या.

आपल्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात गल्लोगल्ली पिकअप उभी आहे. टोमॅटो नारायणगावला, कांदा आळेफाट्याला, भाजी वाशीला. गाडी हप्त्यावर घेतलेली, चालवणारा मालक स्वतःच. एक दिवस गाडी उभी राहिली तर भाडं गेलं, आणि हप्ता काही थांबत नाही. या सगळ्यांची एक तक्रार सारखी ऐकू येते: "क्लच सोडला की खालून खट्ट वाजतंय. रिव्हर्स टाकला की खट्ट. ॲक्सिलरेटर सोडून परत दिला तरी खट्ट."

आणि गॅरेजात मिळणारं उत्तरही ठरलेलं: "बदलून बघू."

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या भावाचं हेच झालं. एका वर्कशॉपमध्ये (नाव लिहीत नाही, मुद्दा एका दुकानाचा नाहीच) आधी क्लचप्लेट बदलली. बिल सव्वाअकरा हजार. आवाज तसाच. मग सांगितलं, "हाउसिंग खोलावं लागेल, क्राउन-पिनियन गेलं असणार." गेलं *असणार*! कुणी गाडीखाली झोपून शाफ्टला हात लावून बघितला नव्हता. मी गाडी अंगणात घ्यायला लावली. दहा मिनिटांत कळलं की प्रोपेलर शाफ्टचा मागचा क्रॉस कोरडा पडून झिजलाय. क्रॉस काही शे रुपयांचा. मजुरी धरूनही क्लचच्या बिलाच्या पासंगाला पुरणार नाही असा खर्च. पण अकरा हजार गेले ते गेलेच.

आता हा 'खट्ट' म्हणजे काय ते समजून घ्या, कारण आपलं अज्ञान हेच समोरच्याचं भांडवल आहे.

इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून लांब शाफ्टवाटे मागच्या हाउसिंगला जाते आणि तिथून चाकांना. या साखळीत जिथे जिथे दोन भाग जोडलेत तिथे थोडी थोडी ढिलाई असते. ताकदीची दिशा बदलली की ती सगळी ढिलाई एकदम भरून निघते आणि लोखंडावर लोखंड आपटतं. तोच आवाज. म्हणून खरा प्रश्न "काय बदलू?" हा नाही. ढिलाई नेमकी कुठे वाढली, हा आहे. तो प्रश्न हाताने सुटतो, स्पेअरपार्टच्या दुकानात नाही.

आधी आवाज *कधी* येतो ते बघा. गिअर टाकताना किंवा क्लच सोडताना एकदाच खट्ट वाजत असेल तर ढिलाई. फक्त खड्ड्यात वाजत असेल तर पाट्यांचे बुश, शॅकल, शॉकअप. हळू वेगात चिमणीसारखी चीं-चीं आणि वेगाबरोबर ती वाढत असेल तर कोरडा क्रॉस. वेगात नुसती थरथर असेल तर सेंटर बेअरिंग किंवा शाफ्टचा बॅलन्स.

मग गाडी सपाट जागेवर घ्या. इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून दगड, गिअर न्यूट्रल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नका, जीव जातो.

१) क्रॉस: जॉइंटच्या अलीकडे एक हात, पलीकडे दुसरा. उलटसुलट पिळा. दोन्ही बाजू बरोबर हलल्या तर ठीक. एक हलली आणि दुसरी जागेवर राहिली तर क्रॉस गेला. कपाभोवती तांबूस भुकटी दिसली तर नक्कीच गेला.

२) स्लिप जॉइंट: शाफ्ट जिथे आत-बाहेर सरकतो तो भाग. वर-खाली हलवून बघा. कधी कधी इथे झीज नसतेच, फक्त ग्रीस संपलेलं असतं. गाडी थांबताना शाफ्ट अडकतो आणि सुटताना खट्ट वाजतो. औषध काय? ग्रीसगनचे चार झटके.

३) सेंटर बेअरिंग: शाफ्ट मध्ये धरून वर ढकला. रबर फाटलं असेल तर डोळ्यांना दिसतं.

४) फ्लँजचे बोल्ट आणि पाट्यांचे यू-बोल्ट: पाना लावून बघा. सैल यू-बोल्टमुळे अख्खं हाउसिंग फिरायला बघतं आणि आवाज थेट डिफरन्शिअल गेल्यासारखा येतो.

५) इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग: क्लच सोडताना इंजिन उडी मारत असेल तर रबर बसलंय.

६) हे सगळं झाल्यावरच हाउसिंग. तिथे थोडा प्ले असायचाच, दात घट्ट बसवले तर जळून जातील. ऑइल काढा. बारीक राखेसारखी भुकटी असेल तर चालतं. लोखंडाचे तुकडे निघाले तरच खोला.

आणि शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर पेंटने खूण करायला सांगा. स्लिप जॉइंट एक-दोन दाते इकडेतिकडे बसला की दोन्ही क्रॉस एका रेषेत राहत नाहीत. गाडी थरथरते, नवा क्रॉसही लवकर संपतो, आणि मग "रस्तेच खराब आहेत हो" असं ऐकवलं जातं. रस्ते खराब आहेतच. ओव्हरलोडही आपण करतो, टनभर जास्त माल टाकून घाटात क्लच सोडला की क्रॉसच आधी मार खातो. पण म्हणून न बघता पार्ट बदलायचा परवाना कुणाला मिळत नाही.

आता मिस्त्र्यांची बाजू, कारण ती खरी आहे. "दादा, बघायचे पैसे कुणी देत नाही." बरोबर आहे. अर्धा तास गाडीखाली घालवून मिस्त्री म्हणाला "फक्त ग्रीस हवं होतं, दोनशे द्या," तर आपणच वाद घालतो. तोच अकरा हजारांचा पार्ट टाकतो तेव्हा गुपचूप देतो. पार्टच्या मार्जिनवरच घर चालवायला लावलं तर तो पार्टच विकणार. ही सवय आपण लावली आहे, आपणच मोडायची.

कायदाही आपल्या बाजूने आहे, पण वापरतो कोण? स्वतः चालवून त्यावरच पोट भरणारा पिकअपवाला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहकच आहे. "तुमची गाडी धंद्याची, तुम्हाला हक्क नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पावती न देणं ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोकला होता. कारण हेच, की बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग आणि तपासणीची साधनं मोकळेपणाने मिळू देत नव्हते. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा तिथेच आहे. २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. आळेफाट्याच्या मिस्त्रीपर्यंत त्यातलं काय पोचलं, ते त्यालाच जाऊन विचारा.

म्हणून चार गोष्टी उद्यापासून करा:

— तपासणीचे वेगळे पैसे द्या, आणि काय सापडलं ते कागदावर लिहून घ्या.
— "असणार" चालणार नाही. ढिलाई हात लावून दाखवा म्हणा.
— जुना पार्ट परत घ्या, पक्की पावती घ्या.
— दर सर्व्हिसिंगला क्रॉस आणि स्लिप जॉइंटला ग्रीस मारताना स्वतः उभे राहा.

आणि एक मागणी आपल्या बाजार समित्यांकडे. आवारात रोज शेकडो पिकअप तासन्‌तास लिलावाची वाट बघत उभ्या असतात. तिथे एक साधा तपासणीचा खड्डा आणि एक ग्रीसगन ठेवायला किती खर्च येतो? जवळच्या आयटीआयची मोटार मेकॅनिकची पोरं आठवड्यातून एक दिवस तिथे आणली तर त्यांनाही खऱ्या गाड्यांवर हात बसेल. सेस घेता ना, मग एवढं करा. पुढच्या बैठकीत संचालकांना हा प्रश्न मी लेखी देणार आहे. सोबत सह्या हव्यात, ज्याच्याकडे पिकअप आहे त्याने कमेंटमध्ये गावाचं नाव टाका.