साल्हेरच्या पायथ्याशी भूगोल

हिमालय कसा उत्पन्न झाला हे सटाण्याचा विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितो. परंतु ज्या बागलाणात तो लहानाचा मोठा होतो, तेथील डोंगर न् डोंगर भूपट्टांच्या प्रवासाची साक्ष देत उभा आहे, ही गोष्ट त्याच्या कानी क्वचितच पडते, याचे मला मनस्वी वाईट वाटते. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी, भारताचा भूपट्ट आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तस्थानावरून उत्तरेकडे सरकत असता, भूकवच भेगाळून लाव्ह्याचे जे थरांवर थर पसरले, त्यांचीच झीज होत होत १५६७ मीटर उंचीचा साल्हेर आणि मांगी-तुंगीची जोडशिखरे घडली.

मुलांना आरम नदीच्या पात्रात न्यावे, काळ्या पाषाणाचा तुकडा हाती द्यावा, त्यातील वायूच्या बुडबुड्यांची भोके व कोठे त्यांत साकळलेले पांढरे स्फटिक बोटांनी चाचपू द्यावेत. आणि मग सांगावे, की हाच भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर, म्हणजे त्याच बोटांची नखे वाढतात जवळजवळ त्या गतीने, सरकत आहे. शिक्षणखात्याने एवढ्यासाठी वर्षातील एक दिवस मुक्रर करावा. पावसाळा सरल्यावरचा, कारण तेव्हा साल्हेरच्या कड्यांवरील थर स्वच्छ मोजता येतात.