आवाज एकीचा, देह दुसरीचा

फिलिपिन्समध्ये रामायण? हा पहिला प्रश्न. आणि थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात, दुसरा : तिकडच्या सीतेलाही आगीतून जावे लागते का? 'रामा हरी' या नाटकाचा विषय काढला की मैत्रिणी हे दोन प्रश्न विचारतातच. मला मात्र या नाटकाबद्दल बोलायचे आहे ते वेगळ्याच कारणाने.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. फिलिपिन्सच्या दक्षिणेला, मिंदानाओ बेटावर, मारानाओ हे मुसलमान लोक राहतात. त्यांच्यात 'महाराडिया लावाना' ही रावणाची कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जात होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ती अभ्यासकांच्या हाती लागली. 'रामा हरी' मात्र शहरी नाटक. १९८० साली ते मनिलाच्या सांस्कृतिक केंद्रात झाले. नृत्यरचना आणि दिग्दर्शन एका बाईचे, अ‍ॅलिस रेयेस यांचे. संगीत रायन कायाब्याब यांचे. संहिता फिलिपिनो भाषेत लिहिली बिएनवेनिदो लुंबेरा यांनी. हे कवी मार्कोसच्या लष्करी कायद्याखाली १९७४ साली तुरुंगात होते. ज्या केंद्रात नाटक झाले ते उभे राहिले होते इमेल्दा मार्कोस बाईंच्या पुढाकाराने. सत्ता कलेला छप्पर देते आणि कलावंताला कोठडीही देते, हे आपल्याला नवीन नाही.

आता मुद्द्याचे. या नाटकात प्रमुख पात्रे दोघा-दोघांनी उभी केली आहेत. एक गातो, एक नाचतो. म्हणजे सीता एक नाही, दोन आहेत. पहिल्या प्रयोगात कु लेडेस्मा ही गायिका सीतेचा आवाज झाली आणि सीतेचा देह झाली दुसरी, नर्तिका. २०१२ आणि २०२३ साली नव्या संचात प्रयोग झाले तेव्हा कॅरिल ही गायिका सीता होती, आणि नाचणारी अर्थातच वेगळी. बॅले आणि गाणे एकत्र आणायचे तर ही सोय करावीच लागते. यात कुणी स्त्रीवादी विचार केला होता असा माझा दावा नाही. पण सोय म्हणून केलेल्या गोष्टी कधी कधी फार खरे बोलून जातात.

कारण रामायणात सीतेवर जो अन्याय होतो तो नेमका असाच आहे. तिचा आवाज वेगळा काढला जातो आणि देह वेगळा. सीता बोलत नाही असे नाही. वाल्मीकीची सीता लंकेत रामाला चांगले सुनावते. पण तिचे बोलणे पुरावा ठरत नाही. साक्ष द्यायची ती देहाने, तीही जळून किंवा न जळून.

नाटक आले त्या सुमाराचे आपल्याकडचे आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरेवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, तेव्हा तिच्या अंगावर जखमा नाहीत हे कारण पुढे आले. पोरगी सांगत होती. न्यायालय तिचे अंग वाचत होते. १९७९ साली चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, १९८० साली आपण रस्त्यावर आलो, १९८३ साली कायदा बदलला. तरी 'दोन बोटांची चाचणी' चालूच राहिली. ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावायला २०२२ साल उजाडले.

फिलिपिन्सच्या बायकांचीही लढाई याच वळणाची. तिथल्या जुन्या दंडसंहितेत बलात्कार हा शीलाविरुद्धचा गुन्हा होता. १९९७च्या कायद्याने तो व्यक्तीविरुद्धचा गुन्हा झाला. म्हणजे बाई शील सांभाळणारी पेटी नव्हे, माणूस आहे, हे कायद्यात लिहून घ्यायला एवढा काळ लागला. न्यायालयांच्या डोक्यात आणखी एक बाई बसलेली होती, रिझाल यांच्या कादंबरीतली सोज्वळ मारिया क्लारा. चांगल्या घरची फिलिपिनो बाई खोटी बदनामी स्वतःहून ओढवून घेणार नाही, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवावा, असा दंडक १९६० पासून चालत होता. वरवर पाहता बाईच्या बाजूचा. पण मग 'चांगली' नसलेलीचे काय? २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा साचा सोडला. आणि गंमत पाहा, साचा सोडला त्याच निकालात आरोपी सुटले. सोज्वळपणाचे कुबड काढून घेतले, पण बाईच्या शब्दाला त्याजागी दुसरा आधार दिला नाही.

'रामा हरी'वर माझी एक तक्रार आहे. त्यातले नाट्यगृहाबाहेर पडून घराघरात गेलेले गाणे कोणते, तर सीतेचे 'माग्बालिक का ना, महाल', म्हणजे 'परत ये रे, प्रिया'. गाणे सुंदर आहे, वाद नाही. पण लोकांनी उचलली ती वाट पाहणारी सीता. आणि ज्या देशाने ती उचलली तिथून परदेशी कामाला जाणाऱ्यांत आज निम्म्याहून अधिक बायका आहेत. म्हणजे 'परत ये' म्हणणारी घरातली माणसे पुरुष आणि पोरेही आहेत.

आपल्या जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी सीतेचा वनवास स्वतःचा करून गायला. 'मुलगी झाली हो' घेऊन आपल्यातल्या कितीजणी गावोगाव फिरल्या. तेव्हा एक सुचवावेसे वाटते. पुढच्या शिबिरात सीतेचा प्रसंग बसवणार असाल तर सीतेला दोघीजणी द्या, एक देह आणि एक आवाज. पडदा नको, नाचता येण्याचीही गरज नाही. आगीकडे चालायची वेळ आली की आवाज झालेली मुलगी जागेवरच थांबू दे, आणि देह झालेली तिच्याकडे वळून पाहू दे. पुढे ती काय बोलेल ते आधी लिहून देऊ नका. शिबिरातल्या बायकांनाच विचारा.