विजेची दुचाकी आणि तड्यांचा हिशेब

मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलचा दर लिटरला शंभर रुपयांच्या पुढे गेला आणि त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र शासनाने विद्युत वाहनांचे नवे धोरण जाहीर केले. या दोन घटनांनी विजेची दुचाकी हौसेच्या कक्षेतून काढून निकडीच्या कक्षेत आणली. कर्नाळ्याच्या खिंडीपलीकडील तारा, खारपाडा या बाजूने पनवेलकडे रोजगारासाठी येणारा मनुष्य पर्यावरणाची चिंता वाहून नेत नसतो. तो महिन्याचा खर्च जुळवीत असतो. पेट्रोलच्या तुलनेत वीज स्वस्त पडते, हा त्याचा हिशेब बरोबरच आहे. मात्र त्या हिशेबात एक रकाना कोरा राहिला होता, तो टायरचा.

गाडी घेऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच मागच्या टायरची नक्षी झिजून तो गुळगुळीत व्हावा, किंवा नक्षी शाबूत असतानाच बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा पडाव्यात, ही तक्रार आता ठिकठिकाणी ऐकू येते. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते: हवा कमी ठेवली असेल, वजन जास्त घातले असेल, रस्ता खराब असेल. या तिन्ही गोष्टींत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. हवा कमी असलेल्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, तापते आणि लवकर थकते, हे पंक्चरवाल्याच्या पोरालाही ठाऊक असते. प्रश्न असा आहे की दोषाची ही संपूर्ण यादी गाडी चालविणाऱ्याच्याच नावावर का निघावी?

रबराचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. हवेतील ओझोन रबराच्या लांबलचक रेणूंची साखळी तोडतो. ताणलेल्या रबरावर हा घाव अधिक बसतो आणि भेगा ताणाच्या आडव्या दिशेने उमटतात. जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरातील वायूंवर ऊन पडले की तो तयार होतो. एका अंगाला तळोजा, दुसऱ्या अंगाला पाताळगंगा व रसायनी, मधून महामार्ग, आणि वर कोकणचे ऊन, अशा मुलखात त्याला सामग्री कमी पडत नाही. यावर उपाय म्हणून टायरच्या मिश्रणात मेण आणि ओझोनरोधक रसायने घालतात. टायर फिरत राहिला की ते मेण पृष्ठभागावर येत राहते. उभा राहिला की हे काम मंदावते. म्हणूनच महिनोन्‌महिने गोदामात वा शोरूमच्या दारात उन्हात उभी राहिलेली गाडी ‘नवी’ म्हणून विकली गेली, तरी तिचा टायर नवा नसतो. टायरच्या भिंतीवर चार अंकी तारीख कोरलेली असते: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ही तारीख गिऱ्हाइकाला वाचून दाखविण्याची रीत मात्र आपल्याकडे नाही.

झिजेची गोष्ट निराळी. पेट्रोलच्या इंजिनाला जोर धरण्यास क्षणभर लागतो; विजेची मोटर पहिल्याच क्षणी पूर्ण जोर लावते, आणि तो सारा मागच्या टायरवर येतो. वेग कमी करताना वीज परत बॅटरीत भरण्याची सोय असली, तर रोखण्याचे कामही बरेचसे त्याच टायरला करावे लागते. बॅटरीचे वजन आहेच. काही गाड्यांत मोटरही चाकातच बसविलेली असते, त्यामुळे खड्ड्याचा दणका स्प्रिंगने सोसण्यापूर्वी टायरला सोसावा लागतो. एका भरणीत गाडी किती किलोमीटर जाते, हा जाहिरातीतील सर्वांत मोठा आकडा. तो वाढवायचा तर टायरचा रस्त्याशी होणारा विरोध घटवावा लागतो. विरोध, पकड आणि टिकाऊपणा या तिन्हींत एकाला सवलत दिली की दुसऱ्याला झळ बसते. ही झळ कमी करणारी मिश्रणे आहेत, पण ती महाग पडतात. किंमतही कमी आणि पल्लाही मोठा असे दुहेरी आश्वासन जेथे दिले जाते, तेथे कात्री कोठे लागत असेल हे ओळखण्यास तंत्रज्ञ असण्याची गरज नाही.

सार्वजनिक पैशाचा संबंध येथेच येतो. केंद्र सरकारची ‘फेम’ची दुसरी योजना एप्रिल २०१९ पासून मार्च २०२४ पर्यंत चालली. तीत दुचाकीचे अनुदान बॅटरीच्या किलोवॅट-तासांवर मोजले गेले. जनतेच्या तिजोरीतून पैसे देताना बॅटरीचे माप झाले, चाकाचे झाले नाही. गाडीची वॉरंटी साधारणतः टायरला लागू नसते. टायरची वॉरंटी कारखान्यातील दोषापुरती, आणि दोष कशाला म्हणावे हे ठरविणार टायरवालाच. पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या व अडीचशे वॅटपेक्षा कमी शक्तीच्या गाड्यांची तर कथाच वेगळी. कायद्याच्या दृष्टीने त्या मोटर वाहनच नाहीत. नोंदणी नाही, परवाना नाही, विमा नाही. रस्ता मात्र तोच.

आणि रस्ता कोणता? पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी ते रेंगाळत राहिले. खड्डे, उखडलेली खडी आणि वळणमार्ग यांत कोकणच्या जनतेची अनेक वर्षे गेली. त्या वर्षांत फुटलेल्या टायरांचा खर्च कोणत्याही कंत्राटाच्या दंडात धरला गेल्याचे ऐकिवात नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील माणसे शेकडा ४४.५ होती. भेगाळलेला टायर हा म्हणून निव्वळ पैशाचा प्रश्न राहत नाही.

टायरच्या बाजारातील स्पर्धेची अवस्थाही ध्यानात घ्यावी. भावाबाबत संगनमत केल्याच्या आरोपावरून स्पर्धा आयोगाने पाच मोठ्या टायर कंपन्यांना एकूण १,७८८ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. हा २०१८ चा आदेश २०२२ च्या फेब्रुवारीत उजेडात आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अपील न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत धाडले. आरोप शाबीत झाला असे म्हणता येत नाही. पण कर्नाळ्याचा दुचाकीस्वार असल्या बाजारात किती एकाकी आहे, हे त्यावरून समजते.

सर्वांत अधिक भार पडतो तो घरपोच माल पोचविणाऱ्या तरुणांवर. कंपनी त्याला ‘भागीदार’ म्हणते. गाडी त्याची, टायर त्याचा, पाठीवरचे वा मागे बांधलेले ओझे कंपनीचे. २०२५ मध्ये राज्य सरकारने बाइक टॅक्सीला वाट मोकळी केली, तीही केवळ विजेच्या दुचाकींना. म्हणजे हीच झीज आता आणखी वाढणार. नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार अशा कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावयाची आहे. हे पाऊल पुढचे आहे. परंतु साधनाच्या झिजेचा त्यात विचार नाही. कारखान्यात यंत्राचा पट्टा झिजला तर तो कामगाराच्या खिशातून बदलला जात नाही. येथे तो बदलला जातो, आणि त्याला स्वयंरोजगार म्हणतात!

घासलेले रबर जाते कोठे, हाही प्रश्न आहे. टायरमधील एका ओझोनरोधकापासून बनणारे द्रव्य पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरून कोहो जातीचे सॅमन मासे मारते, हे अमेरिकेतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. कर्नाळ्याच्या अभयारण्यातून महामार्ग आरपार गेला आहे. तेथील ओढ्यांत काय उतरते, याची तपासणी वन खात्याने मनावर घ्यावी.

मागण्या अवघड नाहीत. विक्रीच्या पावतीवर टायरच्या निर्मितीची तारीख लिहावी. गाडीच्या वॉरंटीत ठराविक किलोमीटरपर्यंत टायरचा समावेश असावा. माल पोचविणाऱ्या कंपन्यांनी दर किलोमीटरमागे झिजेचा भत्ता वेगळा द्यावा. कायद्याचा थोडा आधार आजही उपलब्ध आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, म्हणून माल पोचविणारा तरुणही ग्राहकच ठरतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क पडत नाही. पनवेल व पेण भागातील कार्यकर्त्यांनी पंक्चरच्या दुकानांत बसून टायरची तारीख, मीटरवरील किलोमीटर आणि भेगांचे छायाचित्र यांची नोंद ठेवण्यास प्रारंभ करावा. अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगासमोर पन्नास नोंदी एकत्र गेल्या, तर ‘हवा कमी ठेवली असेल’ हे उत्तर पन्नास वेळा द्यावे लागेल.